मोजणी चोख झाली, वटवाघूळ मात्र गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माणसामुळे पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांचा विषय निघाला, की डोडो आणि तास्मानियन वाघ ही दोन नावे हमखास येतात. दोन्ही प्राणी नजरेत भरणारे आणि दोन्ही आपल्या आधीच्या पिढ्यांच्या काळात गेलेले. त्यामुळे वाचताना हळहळ वाटली, तरी दोष दुसऱ्या कुणाच्या तरी माथी असल्याचा दिलासाही मिळतो. 26 ऑगस्ट 2009 च्या रात्री हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर ज्या वटवाघळाचा आवाज अखेरचा नोंदवला गेला, त्याच्या बाबतीत हा दिलासा मिळण्यासारखा नाही. ते गेले तेव्हा त्याच्या रक्षणासाठी कायदा होता, संवर्धनाचा आराखडा होता, राष्ट्रीय उद्यान होते, तज्ज्ञ होते आणि त्याची संख्या किती वेगाने घटते आहे याची वर्षानुवर्षांची नोंदही होती. ख्रिसमस आयलंड पिपिस्ट्रेल या नावाच्या त्या वटवाघळाविषयी आणि त्याच महासागरातील दुसऱ्या बेटांवर आजही तग धरून असलेल्या त्याच्या एका दूरच्या नातलगाविषयी मराठी वाचकांपर्यंत काही पोहोचावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

ख्रिसमस बेट जावाच्या दक्षिणेस सुमारे 350 किलोमीटरवर आहे. तेथील कारभार ऑस्ट्रेलियाचा, पण ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी तेथून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर. क्षेत्रफळ 135 चौरस किलोमीटर. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. पावसाळा सुरू होताच कोट्यवधी लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात, त्या दृश्यामुळे हे बेट जगाला ठाऊक आहे. खेकड्यांची छायाचित्रे जगभर छापून येतात. वटवाघळाचे छायाचित्र मात्र मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही.

शास्त्राला या वटवाघळाची ओळख झाली ती फॉस्फेटच्या निमित्ताने. बेटावरील फॉस्फेटच्या साठ्याकडे लक्ष गेल्यानंतर तेथे खाणकाम सुरू होणार, वस्ती वसणार आणि मूळचा निसर्ग पालटणार हे उघड होते. तसे होण्याआधी सगळ्याची नोंद व्हावी, म्हणून ब्रिटिश म्युझियमचे चार्ल्स अँड्र्यूज 1897-98 मध्ये तेथे जाऊन राहिले. 1900 मध्ये त्यांनी जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या वटवाघळाला ‘पिपिस्ट्रेलस मरेयी’ हे नाव मिळाले. हे मरे म्हणजे सागरशास्त्रज्ञ जॉन मरे. अँड्र्यूज यांच्या मोहिमेचा खर्च त्यांनीच उचलला होता आणि बेटावरचे फॉस्फेट काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांमध्येही तेच होते. म्हणजे बेट बदलणार म्हणून घाईने केलेली नोंद आणि बेट बदलणारा उद्योग या दोहोंमागे एकच व्यक्ती होती. मरे यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. नोंद करवून घेण्याची बुद्धी तरी त्यांना झाली, हेही त्या काळाच्या मानाने पुष्कळच म्हणायचे.

अँड्र्यूज 1908 मध्ये बेटावर परत गेले, तेव्हा पहिल्या भेटीत विपुल दिसलेल्या, फक्त याच बेटावर आढळणाऱ्या उंदरांच्या दोन जाती त्यांना कुठेच सापडल्या नाहीत. 1899 च्या सुमारास एका जहाजातून आलेल्या काळ्या उंदरांनी स्वतःबरोबर एक परजीवी रोग आणला आणि त्याने दहा वर्षांच्या आत दोन्ही जाती संपवल्या. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा हा धडधडीत इशारा होता. बेटाच्या मूळ सस्तन प्राण्यांच्या जाती होत्या इनमीन पाच: दोन उंदीर, एक चिचुंद्री, एक फळे खाणारे मोठे वटवाघूळ आणि हे लहान कीटकभक्षी पिपिस्ट्रेल. चिचुंद्रीची शेवटची खात्रीलायक नोंद 1985 मधली आहे. आज त्या पाचांपैकी फक्त फळे खाणारे वटवाघूळ उरले आहे, आणि तेही अतिसंकटग्रस्त आहे.

पिपिस्ट्रेल दिसायला साधेच होते. धड अंगठ्याएवढे, अंगावर गडद तपकिरी लव, वजन तीन ते साडेचार ग्रॅम. दिवसा ते झाडांच्या ढोलीत, वाळलेल्या खोडाच्या सुटलेल्या सालीखाली किंवा केवड्याच्या आणि ताडवर्गातील झाडांच्या लोंबत्या सुक्या पानांआड दाटीवाटीने बसे. अंधार पडू लागला की जंगलाच्या कडेने आणि जंगलातून गेलेल्या वाटांवरून फेऱ्या घालत पतंग, भुंगे, उडत्या मुंग्या टिपून खाई. मादीला वर्षाला एकच पिल्लू होत असे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण उंदरांची संख्या घटली तर काही महिन्यांत भरून निघू शकते. वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याला तेवढी सवड मिळत नाही.

त्याची मोजणी कशी होत असे, हेही समजून घेण्याजोगे आहे. लहान वटवाघळे माणसाच्या कानाला ऐकू न येणारा उंच स्वर काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट व भक्ष्य शोधतात. बॅट डिटेक्टर नावाचे छोटे यंत्र जंगलात ठेवले, की ते रात्रभर हे स्वर टिपत राहते. प्रत्येक जातीच्या स्वराची ठेवण वेगळी असते. शिवाय ख्रिसमस बेटावर तर अशी दुसरी जातच नव्हती. त्यामुळे यंत्राने स्वर टिपला म्हणजे पिपिस्ट्रेल आले, आणि रात्रभर काहीच टिपले नाही म्हणजे त्या भागात ते नाही, इतका हिशेब सरळ होता. प्राणी पकडावा लागत नसे आणि त्याला धक्काही लागत नसे. एखाद्या दुर्मीळ प्राण्यावर नजर ठेवण्याची याहून सोयीची रीत क्वचितच मिळेल.

या यंत्रांनी आपले काम चोख केले. 1984 मध्ये हे वटवाघूळ बेटावर सर्वत्र होते. ईशान्येकडील वस्तीतही ते सहज आढळे. 1994 च्या पाहणीत मात्र ईशान्य भाग जवळजवळ ओस पडल्याचे लक्षात आले. त्यानंतरच्या प्रत्येक पाहणीत उरलेले क्षेत्र पश्चिमेकडे आक्रसत गेलेले दिसले, आणि अखेर बेटाच्या पश्चिम टोकाचा थोडासा भाग तेवढा उरला. 2001 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कायद्याखाली ही जात संकटग्रस्त ठरली, 2004 मध्ये तिच्यासाठी आराखडा झाला आणि 2006 मध्ये तिचा दर्जा अतिसंकटग्रस्त असा करण्यात आला. कागदावर पाहिले तर यंत्रणेने एकही पायरी चुकवलेली नाही.

अडले ते कारणाच्या शोधात. संशयित अनेक होते. लांडग्या साप या नावाने ओळखला जाणारा कवड्या वर्गातील आशियाई साप 1980 च्या दशकात जहाजांच्या मालाबरोबर बंदरावर उतरला असावा. तो ईशान्येकडून पश्चिमेकडे पसरला, म्हणजे नेमका ज्या दिशेने वटवाघळे नाहीशी होत गेली त्याच दिशेने, आणि बेटावरचे मूळ सरडे व पालीही त्याच क्रमाने गेल्या. पिवळ्या ‘क्रेझी’ मुंग्या बेटावर कित्येक दशके होत्याच, पण 1990 च्या दशकात त्यांच्या प्रचंड वसाहती माजल्या आणि त्यांनी कोट्यवधी लाल खेकडे मारले. दिवसा सालीखाली झोपलेल्या तीन ग्रॅमच्या जिवाला त्या सोडतील असे मानायला आधार नाही. शिवाय बाहेरून आलेली राक्षसी गोम, काळे उंदीर, मोकाट मांजरे आणि एखादा अज्ञात रोग. मुंग्यांच्या वसाहती मारण्यासाठी 2002 मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्यात आले, तेव्हा त्याचाही परिणाम वटवाघळांवर झाला असेल का, अशी शंका काहींनी घेतली. यातील एकाही कारणाचा निर्णायक पुरावा आजवर मिळालेला नाही. माझ्या मते तो मिळण्याची वाट पाहणे हीच मुख्य चूक होती. रोग कोणता हे कळेपर्यंत औषध देऊ नये, हा नियम रुग्णाजवळ वेळ आहे असे धरून चालतो. येथे वेळ किती उरला आहे, ते यंत्रे दर वर्षी सांगत होती.

2009 चा घटनाक्रम तर तारखांसह पाहायला हवा. जानेवारीत संशोधक सांगत होते, की बेटावर वीसच्या आसपासच वटवाघळे उरली असावीत आणि उरलेली ताबडतोब पकडून बंदिस्त प्रजनन सुरू केले नाही, तर काही महिन्यांत ही जात संपेल. ऑस्ट्रेलियातील वटवाघूळ अभ्यासकांच्या संघटनेने मदतीची तयारीही दाखवली होती. सरकारने फेब्रुवारीत एक तज्ज्ञ गट नेमला आणि त्याच्याकडे केवळ या वटवाघळाचा नव्हे, तर संपूर्ण बेटाच्या परिसंस्थेचा प्रश्न सोपवला. परिसंस्थेचा समग्र विचार व्हावा याला कोण नाही म्हणेल? पण वीस वटवाघळांचा निर्णय त्या समग्र विचाराच्या शेपटाला बांधला गेला. गटाने पकडण्याची शिफारस केली, 1 जुलै रोजी पर्यावरणमंत्र्यांनी परवानगी जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये पथक बेटावर पोहोचले. इशारा आणि सापळा यांच्यामध्ये सुमारे सात महिने गेले. (याच बेटाच्या वायव्य टोकाला, आश्रय मागणाऱ्यांसाठी बांधलेले स्थानबद्धता केंद्र 2008 च्या अखेरीस सुरू झाले आणि त्यावर सुमारे 40 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. दूरच्या बेटावर काही उभारणे सरकारला जमत नाही, असे यानंतर म्हणता येणार नाही.)

पथकात वटवाघळे हाताळण्यात आयुष्य घालवलेली माणसे होती. लहान वटवाघळे पकडायला हार्प ट्रॅप वापरतात: उभ्या चौकटीत वीणेच्या तारांसारख्या बारीक तारा जवळजवळ ताणलेल्या असतात, त्यांच्यावर आदळलेले वटवाघूळ इजा न होता घसरत खालच्या कापडी पिशवीत पडते आणि पिशवीच्या गुळगुळीत अस्तरामुळे त्याला वर चढून निसटता येत नाही. वाट अरुंद असली आणि वटवाघळे बरीच असली, की हे साधन छान चालते, कारण दहांतील एखादे तरी गाफील असते. येथे काही दिवसांतच पथकाच्या ध्यानात आले, की सगळ्या यंत्रांवर येणारा स्वर एकाच प्राण्याचा आहे. एकच वटवाघूळ, ओळखीच्या जंगलात, ओळखीच्या वाटेवर. नवे काही आडवे आले की त्याला ते लगेच कळे. सापळ्यांच्या जागा बदलल्या, जाळ्यांची रचना बदलली, तरी ते हाती लागले नाही. 26 ऑगस्टनंतर तो एक स्वरही यंत्रांवर आला नाही. बेटभर यंत्रे लावून शोध घेतला गेला, तोही व्यर्थ. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2017 मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले.

ते शेवटचे वटवाघूळ पकडले गेले असते तरी जात वाचली नसती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून ऑगस्टमधील अपयशाला या कथेचा शेवट मानणे मला पटत नाही. खरा शेवट त्याच्या तीन-चार वर्षे आधी, संख्या अजून शेकड्यांत असण्याची शक्यता होती आणि कुणी सापळा लावला नाही, तेव्हा झाला. त्याचप्रमाणे सगळा दोष एका मंत्र्याच्या माथी मारणे हीही मला केवळ सोयीची पळवाट वाटते. कीटकभक्षी वटवाघळांना पिंजऱ्यात उडते भक्ष्य मिळत नाही, एकेकाला हातातून अळ्या खायला शिकवावे लागते, त्यांतील काही दगावतात. अशा प्रयोगात दहा वटवाघळे दगावली तर त्याची सही कुणाची, हा प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्यापुढे असतो. जंगलात ती आपोआप नाहीशी झाली, तर सही कुणाचीच नसते. निर्णय घेणाऱ्याला जाब विचारायचा आणि न घेणाऱ्याला विचारायचा नाही, अशी रचना असेल तर निकाल याहून वेगळा लागणार नाही.

याच बेटावर, याच वर्षी, उलट उदाहरणही घडले, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. निळ्या शेपटीचा स्किंक हा सरडा आणि लिस्टरची पाल या दोन्ही स्थानिक जाती त्याच ईशान्य-पश्चिम क्रमाने नाहीशा होत होत्या. 2009 पासून उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी उरलेले प्राणी पकडून त्यांचे बेटावरच प्रजनन सुरू केले, पुढे सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयातही काही नेले. कारण तेव्हाही पक्के ठाऊक नव्हते. आज या दोन्ही जाती बंदिवासात मोठ्या संख्येने आहेत आणि 2019 मध्ये स्किंक कोकोस (कीलिंग) बेटांपैकी एका छोट्या बेटावर सोडण्यातही आले. तिसरी जात, जंगल स्किंक, हिच्या मोजक्या माद्याच हाती लागल्या, नर मिळालाच नाही. त्यांतील शेवटची 31 मे 2014 रोजी बंदिवासात मेली. एकच बेट, एकच उद्यान, बहुधा एकच शत्रू. फरक पडला तो प्राणी पकडले तेव्हा ते किती उरले होते, एवढ्याचाच.

आता जिवंत वटवाघळाविषयी. हिंदी महासागराच्या पश्चिमेला सेशेल्समध्ये कोलेउरा सेशेलेन्सिस ही जात आहे. शेपटीचे टोक मांड्यांमधील पडद्यातून म्यानातल्यासारखे बाहेर येणाऱ्या कुळातील हे सुमारे दहा-अकरा ग्रॅमचे कीटकभक्षी वटवाघूळ. एकेकाळी ते माहे, प्रालँ, ला दीग आणि सिल्हुएट या बेटांवर होते. आता फक्त माहे आणि सिल्हुएटवर आहे आणि एकूण संख्या शंभराहून कमी मानली जाते. मोठमोठ्या शिळा एकावर एक कोसळून तयार झालेल्या गार गुहांमध्ये ते राहते, आणि अशा वापरातल्या गुहा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच माहीत आहेत.

ख्रिसमस बेटाच्या तुलनेत येथील अडचणी बऱ्याच स्पष्ट आहेत. बाहेरून आलेल्या वेली आणि झुडपे गुहांच्या तोंडांवर वाढली, की वटवाघळांची ये-जा अडते आणि आतले तापमान बदलते. उंदीर मारण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास आणलेली गव्हाणी घुबडे त्या बेटांवरील मूळ जीवांनाच खाऊ लागली. मोकाट मांजरे गुहेच्या तोंडाशी दबा धरू शकतात. जुन्या जंगलाच्या जागी नारळ आणि दालचिनी आल्याने कीटकांचे प्रमाण घटले. सिल्हुएट 2010 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ही जमेची बाजू. गुहेच्या तोंडावरची वेल कापणे, मांजरे आटोक्यात ठेवणे, गुहेत माणसांची वर्दळ होऊ न देणे आणि भोवतालच्या जंगलात मूळची झाडे परत लावणे, ही कामे ना खर्चाची आहेत ना त्यांत प्राणी दगावण्याचा धोका आहे. या जातीला पिंजऱ्यात आणण्याची वेळ आली आहे असे मी म्हणत नाही. ती वेळ कोणत्या आकड्यावर येईल आणि तेव्हा परवानगी कोण देईल, हे मात्र आजच ठरलेले असावे असे मला वाटते. वीस उरल्यावर गट नेमायचा आणि एक उरल्यावर सापळा लावायचा, हा क्रम एकदा पाहून झाला आहे.

आपणाकडे एक विनंती आहे. प्राणी नामशेष झाल्याची बातमी वृत्तपत्रांत येते, कारण ती घटना असते. संख्या तीनशेवरून दोनशेवर आल्याची बातमी येत नाही, कारण ती नुसती आकडेवारी असते. संवर्धनाच्या दृष्टीने मात्र उपयोगाची बातमी ही दुसरी, आकडेवारीचीच आहे. आपल्या विज्ञान किंवा परदेश पानावर सेशेल्सच्या या वटवाघळाची पुढची गणना आली, तर ती दोन ओळींत का होईना, जरूर द्यावी.

आपला,
एक वाचक